जुन्या संगणकाचा ठोका

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, शेती आणि आरोग्य हे विषय जसे घरचे झाले आहेत, तसा आजचा आमचा विषय अद्याप झालेला नाही. वस्तुतः तो आपल्या घरातच बसलेला आहे. धाराशिव, तुळजापूर, कळंब, उमरगा अशा आपल्या गावांतील कितीतरी घरांत, शाळांत, छपाईच्या दुकानांत आणि पतसंस्थांत दहा-पंधरा वर्षांचे जुने संगणक आजही काम करीत आहेत. २००१ साली एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला, तालुक्याच्या गावी संगणकाचे वर्ग निघाले, आणि पुष्कळांनी संगणकावरील पहिले अक्षर पेंटियम किंवा सेलेरॉन या नावाच्या यंत्रावर उमटवले. त्या यंत्रांचे पुढे काय करावे, हा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आताच का उठला, त्याचेही कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीची नेहमीची मोफत देखभाल थांबली, आणि तिच्या मागून आलेली विंडोज ११ साधारणपणे २०१८ पूर्वीच्या प्रोसेसरांना अधिकृतपणे पंगतीला बसवीत नाही. त्यामुळे जुन्या यंत्राच्या मालकाला तीन तऱ्हेचे सल्ले मिळू लागले आहेत. विक्रेता म्हणतो, भंगारात द्या आणि नवे घ्या. हिशेबी गृहस्थ म्हणतो, चालते आहे तोवर हात लावू नका. आणि घरातला कॉलेजात जाणारा मुलगा म्हणतो, "बाबा, याला ओव्हरक्लॉक करू या, नव्यासारखा पळेल!" या तिघांत खरे कोणाचे मानावे? ते ठरवायचे तर दोन गोष्टी आपणांस समजून घेतल्या पाहिजेत. जुने प्रोसेसर एकमेकांशी ताडून कसे पाहावेत, ही पहिली. आणि प्रोसेसरचा ठोका वाढवणे म्हणजे काय व त्याचे मोल कोण भरतो, ही दुसरी.

प्रोसेसर म्हणजे संगणकातील आकडेमोड करणारा भाग. त्यात ट्रान्झिस्टर नावाचे कोट्यवधी सूक्ष्म खटके असतात, आणि ते सारे एका ठोक्यावर उघडतात व मिटतात. भजनात टाळांचा जसा एक ताल, तसा हा ठोका. १९७१ साली इंटेल कंपनीने ४००४ नावाचा प्रोसेसर विक्रीस काढला. त्याचा वेग सेकंदाला सुमारे ७ लाख ४० हजार ठोके इतका होता. १९८१ सालच्या आयबीएमच्या घरगुती संगणकात हा आकडा ४७ लाखांच्या वर गेला. सेकंदाला दहा लाख ठोके म्हणजे एक मेगाहर्ट्झ, आणि शंभर कोटी ठोके म्हणजे एक गिगाहर्ट्झ. १९९३ साली ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचा पेंटियम आला. पेंटियमच्या उभारणीत ज्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते ते विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. पुढे ते इंटेल सोडून नेक्सजेन या कंपनीत गेले, ती कंपनी इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडी हिने विकत घेतली, आणि १९९७ साली एएमडीचा के६ हा प्रोसेसर पेंटियमशी सामना देण्यास उभा राहिला. या दोन कंपन्यांची चुरस पुढे इतकी वाढली की मार्च २००० मध्ये एएमडीने एक गिगाहर्ट्झचा ॲथलॉन जाहीर केला आणि दोनच दिवसांनी इंटेलने एक गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ पुढे केला.

या शर्यतीने गिऱ्हाइकाच्या मनावर एक समजूत पक्की बसवली. ती अशी की, ज्याचे गिगाहर्ट्झ अधिक तो प्रोसेसर अधिक वेगवान. आजही जुना संगणक घेताना आपण पहिला प्रश्न हाच विचारतो की, "किती गिगाहर्ट्झ?" आणि येथेच आपली फसगत होते.

आपल्या विहिरीवरची मोट आठवा. एक बैलजोडी तासात चाळीस फेऱ्या करते आणि दुसरी तीस. पण पहिलीची मोट लहान आहे आणि दुसरीची दुप्पट मोठी. पाटात पाणी कोणाचे जास्त येईल? नुसत्या फेऱ्या मोजून शेत भिजत नाही; फेऱ्या आणि मोटेचे माप यांचा गुणाकार करावा लागतो. ठोका म्हणजे फेऱ्या. आणि एका ठोक्यात प्रोसेसर किती काम उरकतो ते मोटेचे माप. डब्यावर छापतात त्या फेऱ्या. माप छापले जात नाही.

मग मोट लहान करून फेऱ्या वाढवण्याचा मोह एखाद्या कंपनीला झाला तर? तसे प्रत्यक्ष घडले. नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या पेंटियम ४ ची रचना मुख्यतः मोठा ठोका गाठता यावा अशीच केलेली होती. ती समजण्यासाठी आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले एक दृश्य घेऊ. १९७२ च्या दुष्काळात तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात तलावांची आणि रस्त्यांची कामे निघाली, तेथे माणसे रांगेत उभी राहून मातीची घमेली हातोहात पुढे देत. दहा माणसांच्या रांगेत प्रत्येकाला दोन पावले चालावे लागते. त्याच अंतरावर वीस माणसे उभी केली तर प्रत्येकाने फक्त हात लांबवायचा, म्हणजे घमेली झपझप पुढे सरकतात. पेंटियम ३ मध्ये कामाचे सुमारे दहा टप्पे होते, पेंटियम ४ मध्ये ते वीस झाले, आणि २००४ सालच्या त्याच्या सुधारित आवृत्तीत एकतीस. ठोका त्यामुळे वाढला यात शंका नाही. परंतु मुकादम मध्येच ओरडला की, "माती नको, मुरूम पाहिजे," तर रांगेतली सारी घमेली रिकामी करून पुन्हा पहिल्यापासून भरावी लागतात. रांग जितकी लांब तितका हा खोळंबा मोठा. संगणकाच्या कामात असे मध्येच वळण पुन्हा पुन्हा येते, कारण "अमुक असेल तर हे कर, नसेल तर ते कर" अशा आज्ञांनीच त्याचे काम भरलेले असते. म्हणूनच आरंभीचा दीड गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ कित्येक कामांत एक गिगाहर्ट्झच्या पेंटियम ३ पुढे फारसा सरस ठरेना.

एएमडीने तर हा घोळ ओळखून २००१ पासून आपल्या ॲथलॉन एक्सपी प्रोसेसरांवर खऱ्या ठोक्याऐवजी तुलनेचा आकडा लिहावयास सुरुवात केली. ज्यावर १८००+ लिहिले होते त्याचा खरा ठोका १५३३ मेगाहर्ट्झ होता. म्हणजे जुन्या बाजारात डब्यावरचा आकडा वाचून तुलना करणारा माणूस एकीकडे ठोका वाचतो आणि दुसरीकडे जाहिरात! शेवटी इंटेललाही माघार घ्यावी लागली. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत कंपनीने २००४ साली सोडून दिला, आणि २००६ च्या जुलैत कोअर २ ड्युओ हा आखूड रांगेचा पण मोठ्या मोटेचा प्रोसेसर आणला.

याहून स्पष्ट दाखला हवा असेल तर दोन यंत्रे शेजारी ठेवू. २००५ सालचा पेंटियम डी ८३० आणि २००८ सालचा कोअर २ ड्युओ ई८४००. दोहोंचा ठोका ३ गिगाहर्ट्झ. दोहोंत आकडेमोड करणारी केंद्रे दोन-दोन. पहिल्याची उष्णतेची नेमलेली मर्यादा १३० वॉट, दुसऱ्याची ६५ वॉट. आणि कामात दुसरा पहिल्याच्या कितीतरी पुढे. आकडा तोच, वीज निम्मी, काम अधिक! गिगाहर्ट्झवर विसंबणाऱ्याला या दोहोंतला भेद कधीच दिसणार नाही.

आणि ठोका मुळीच मोठा नसतानाही मोठे काम उभे राहू शकते, याचे उदाहरण तर आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. त्यात एकच अतिवेगवान प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्युटर नावाचे अनेक साधे प्रोसेसर एकमेकांस जोडून त्यांच्यात काम वाटून दिले होते.

तर मग जुने प्रोसेसर ताडावेत कसे? आमच्या मते चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, पिढी कोणती. कारण मोटेचे माप पिढीवर ठरते. दुसरी, केंद्रे किती. तिसरी, प्रोसेसरच्या पोटातील जलद स्मृती, जिला कॅश म्हणतात, ती किती. हाताशी ठेवलेले सामान जितके अधिक तितक्या कोठारापर्यंतच्या खेपा कमी. चौथी, त्याला कोणत्या आज्ञा कळतात. ही चौथी गोष्ट लोक विसरतात. क्रोम या ब्राउझरने २०२१ साली एसएसई३ हा आज्ञासंच ज्यांना येत नाही अशा प्रोसेसरांची साथ सोडली. पेंटियम ३ किंवा ॲथलॉन एक्सपी यांचा ठोका आपण कितीही चढवला तरी ती आज्ञा त्यांना शिकवता येणार नाही. विंडोज ११ ची गोष्टही अशीच आहे. तिचा दरवाजा वेगाने उघडत नाही, प्रोसेसरांच्या ठरलेल्या यादीने आणि सुरक्षेच्या अटींनी उघडतो.

या चारही गोष्टींनंतर सर्वांत खरी कसोटी राहते ती मनगटावरच्या घड्याळाची. आपले जे रोजचे काम असेल, मग ते लग्नपत्रिकेचे पान छापण्यास तयार करणे असो की शाळेचे निकालपत्रक काढणे असो, ते दोन्ही यंत्रांवर करून वेळ मोजावी. दुसऱ्याच्या कामावर घेतलेली परीक्षा आपल्या कामाला लागू पडेलच असे नाही.

आता ठोका वाढवण्याकडे वळू. पहिला स्वाभाविक प्रश्न असा की, कंपनीने नेमून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर अधिक धावूच कसा शकतो? त्याचे उत्तर मोंढ्यातल्या सोयाबीनच्या ढिगात सापडेल. एकाच शेतातला माल प्रतवारीत वेगवेगळ्या भावाला जातो. प्रोसेसरही सिलिकॉनच्या एकाच चकतीवर शेकड्यांनी तयार होतात, तपासले जातात, आणि जो जितक्या ठोक्यावर निर्धोक चालेल तशी त्याची प्रत लागते. पण बाजारात स्वस्त मालाची मागणी अधिक असली तर उत्तम प्रतीच्या मालावरही हलक्या प्रतीची चिठ्ठी चिकटवून तो विकावा लागतो. असा चिठ्ठीपेक्षा सरस माल हाती लागला की त्याचा दडलेला वेग बाहेर काढता येतो. ही ओव्हरक्लॉकिंगची खरी बैठक आहे. त्यात जादू काही नाही.

या प्रकारातील सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे ऑगस्ट १९९८ मध्ये आलेला सेलेरॉन ३००ए. प्रोसेसरचा ठोका हा दोन आकड्यांचा गुणाकार असतो; एक मूळ ठोका आणि दुसरा गुणक. या सेलेरॉनचा मूळ ठोका ६६ मेगाहर्ट्झ आणि गुणक साडेचार, म्हणून ३०० मेगाहर्ट्झ. मुख्य पाटीवर मूळ ठोका १०० करून ठेवला की साडेचार पटीने झाले ४५०. घाऊक भावात सुमारे दीडशे डॉलरांचा हा प्रोसेसर त्या वेळच्या साडेसहाशे डॉलरांवरील पेंटियम २ च्या ठोक्याला जाऊन भिडे. त्याच्या पोटातील जलद स्मृती १२८ किलोबाइट एवढीच होती खरी, पण ती पूर्ण वेगाने चालत असे. महागड्या पेंटियम २ मध्ये ती ५१२ किलोबाइट असूनही अर्ध्या वेगाने चालणारी होती. म्हणून कामातही हा स्वस्त भाऊ थोरल्या भावाच्या जवळ पोचे.

येथे एक बारकावा सांगण्याजोगा आहे. त्या काळच्या पाटीवर हार्ड डिस्क आणि इतर जोडणी ज्या वाटेवर चालत ती वाट ३३ मेगाहर्ट्झची, आणि तिचा ठोकाही त्याच मूळ ठोक्याला भागून मिळे. ६६ ला दोनने भागले की ३३; १०० ला तीनने भागले की पुन्हा ३३. परंतु कोणी मूळ ठोका ८३ वर ठेवला तर दोनने भागून साडेएकेचाळीस येत. प्रोसेसर बिचारा ते सोसे, पण डिस्कवरील मजकूर बिघडण्याची धास्ती राही. म्हणजे ज्याचा वेग वाढवायचा तो सोडून भलत्याच गड्यावर ताण! म्हणून शंभरचा मोठा टप्पा एकवेळ निर्धोक, आणि मधला लहान टप्पा धोक्याचा, अशी विलक्षण स्थिती असे.

या विद्येचा दुरुपयोगही झाला. नव्वदच्या दशकात काही लबाड व्यापाऱ्यांनी हलक्या प्रोसेसरांवरचा आकडा खोडून मोठा आकडा छापला आणि ते चढ्या भावाने विकले. इंटेलने आपल्या प्रोसेसरांचा गुणक कुलूपबंद केला, त्यामागे ही फसवणूक हे एक मोठे कारण होते.

आता किमतीचा हिशेब मांडू, कारण खरा प्रश्न तोच आहे. प्रोसेसर जी उष्णता टाकतो ती ठोक्याच्या प्रमाणात वाढते, आणि विजेच्या दाबाच्या, म्हणजे व्होल्टेजच्या, वर्गाच्या प्रमाणात वाढते. ठोका फार वाढवला की खटके वेळेवर उघडेनात, म्हणून दाबही वाढवावा लागतो. २००७ च्या सुमारास लोकप्रिय झालेला क्यू६६०० हा चार केंद्रांचा प्रोसेसर घ्या. त्याचा मूळ ठोका २६६ आणि गुणक ९, म्हणून २.४ गिगाहर्ट्झ. मूळ ठोका ३३३ केला की ३ गिगाहर्ट्झ. वाढ पंचवीस टक्के. समजा, त्यासाठी दाब १.२५ व्होल्टवरून १.४० वर न्यावा लागला. दाब बारा टक्क्यांनी वाढला, त्याचा वर्ग सुमारे पंचवीस टक्क्यांनी. आणि दोहोंचा गुणाकार केला की उष्णता सत्तावन्न टक्क्यांनी वाढते. ९५ वॉटचे सुमारे १४९ वॉट झाले. पंचवीस टक्के वेगासाठी सत्तावन्न टक्के उष्णता, असा हा सौदा आहे. खटक्यांतून झिरपणारी वीज धरली तर तो थोडा अधिकच महाग पडतो.

आपल्या भूम भागात खव्याच्या भट्ट्या आहेत. जाळ वाढवला तर दूध लवकर आटते हे खरे, पण कढईत उलथणे तितक्याच झपाट्याने फिरले नाही तर दूध तळाशी लागते. जाळ म्हणजे विजेचा दाब, आणि उलथणे म्हणजे प्रोसेसरवरचा पंखा. आता प्रश्न असा की, आपल्या हवेत हे उलथणे किती पुरे पडते?

तोही हिशेब सोपा आहे. पंखा आणि त्याखालचा धातूचा ठोकळा असा आहे असे धरू की, दर वॉटमागे तापमान ०.३ अंशाने चढते. नेमल्या वेगावर ९५ वॉटला ते साडेअठ्ठावीस अंश चढेल, आणि वाढवलेल्या वेगावर १४९ वॉटला सुमारे पंचेचाळीस. युरोपातल्या २२ अंशांच्या खोलीत बसलेला मुलगा हाच प्रयोग करील तर त्याच्या प्रोसेसरच्या झाकणाचे तापमान सुमारे ६७ अंश होईल. क्यू६६०० च्या ९५ वॉटच्या आवृत्तीसाठी कंपनीने नेमलेली मर्यादा ७१ अंशांची आहे. म्हणजे तो सुटला. पण आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या छताखालील दुकानात ४१ अंश धरले तर वाढवलेल्या वेगावर तापमान ८६ अंशांच्या घरात जाईल. इतकेच नव्हे, कोणताही वेग न वाढवता, नेमल्या ठोक्यावरच ते साडेएकोणसत्तरावर येऊन ठेपेल. मर्यादेपासून अवघा दीड अंश खाली! संगणकाच्या डब्यातली हवा खोलीच्या हवेपेक्षाही उष्ण असते, ते आम्ही धरलेलेच नाही. ज्या प्रोसेसराला उन्हाळ्यात नेमून दिलेले कामच जड जाते, त्याच्या पाठीवर आणखी ओझे कशासाठी घालावे? परदेशातील कोणी अमुक ठोका गाठला म्हणून आपणही गाठू, हा विचार येथे टिकत नाही. कारण दोघांचा प्रोसेसर एक असला तरी दोघांचा वैशाख एक नाही.

उष्णतेचा मार प्रोसेसरपुरताच राहत नाही. मुख्य पाटीवर लहान डब्यांसारखे जे कपॅसिटर असतात, त्यांच्यापैकी द्रव भरलेल्यांचे आयुष्य दर दहा अंशांच्या चढाला साधारण निम्मे होते असा ठोकताळा आहे. जुन्या पाट्यांवर माथे फुगलेले कपॅसिटर आपणांपैकी दुरुस्ती करणाऱ्या मंडळींनी पुष्कळ पाहिले असतील. अशा पाटीवर वाढीव ठोक्याचा भार घालणे म्हणजे कसर लागलेल्या वाशावर पोती रचणे होय.

तरीही उष्णता आपणांस दिसते, पंख्याचा आवाज ऐकू येतो, यंत्र बंद पडले तर कळते. ओव्हरक्लॉकिंगमधला खरा धोका न दिसणारा आहे. ठोका अतिशय थोडा जास्त झाला तर यंत्र बंद पडत नाही. ते चालत राहते आणि क्वचित, एखाद्या क्षणी, चूक उत्तर देते. संगणक आकडे शून्य आणि एक या दोनच खुणांनी लिहितो. ५००० या रकमेतील एकच खूण उलटली तर तिचे १३१९२ होऊ शकतात. हा प्रकार खेळात झाला तर पडद्यावर एखादा ठिपका चुकीच्या रंगाचा दिसेल आणि कोणाचे काही बिघडणार नाही. पतसंस्थेच्या खात्यात झाला तर? ठेवीदार शेतकऱ्याचा विश्वास हा त्या संस्थेचा पाया असतो, आणि तो अशा ठिकाणी डळमळेल की जेथे चोर सापडत नाही आणि चूकही सापडत नाही.

ही भीती कल्पनेतली नव्हे. ऑगस्ट २००० मध्ये खुद्द इंटेलला आपला १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ बाजारातून परत घ्यावा लागला. चाचणी घेणाऱ्यांना असे आढळले होते की, लिनक्स प्रणालीचा गाभा तयार करण्यासारखे लांबलचक आणि काटेकोर काम तो नीट तडीस नेत नाही. कारखान्यातल्या तज्ज्ञांनी शर्यतीच्या भरात ठोका वाजवीपेक्षा पुढे नेला तर असे होते. मग आपली काय कथा? पुढे २०११ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी दहा लाखांच्या घरातील घरगुती संगणकांच्या बिघाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ठोका वाढवलेली यंत्रे लक्षणीय प्रमाणात अधिक बिघडतात असे त्यात दिसलेच. पण ज्यांचा ठोका नेमल्यापेक्षा कमी ठेवला होता ती यंत्रे इतरांहून अधिक भरवशाची ठरली, हेही दिसले.

यावर तरुण श्रोते म्हणतील, मग हा छंद करूच नये काय? आमचे म्हणणे तसे नाही. स्वतःच्या मालकीचे, ज्यावर दुसऱ्या कोणाचे काम अवलंबून नाही असे जुने यंत्र असेल, तर जरूर करावा. संगणकाचे अंतरंग शिकवणारी याहून चांगली शाळा थोडी. मात्र तो शिस्तीने करावा. आधी डब्यातली धूळ काढावी, प्रोसेसर आणि ठोकळा यांमधला वाळलेला उष्णतावाहक लेप बदलावा. मूळ ठोका एका वेळी पाच-दहा मेगाहर्ट्झनेच वाढवावा आणि दर टप्प्याला तापमान लिहून ठेवावे. प्राइम९५ हा कार्यक्रम उत्तरे आधीच ठाऊक असलेली प्रचंड गणिते यंत्राकडून करवून घेतो आणि एकही उत्तर चुकले तर थांबून सांगतो. मेमटेस्ट८६+ स्मृतीची तशीच झडती घेतो. या चाचण्या काही तास चालवाव्यात, आणि चालवायच्या त्या दुपारी. डिसेंबरातल्या पहाटे उत्तीर्ण झालेले यंत्र मे महिन्यातही उत्तीर्ण होईलच, असे कोणी समजू नये. चाचणीत एक चूक निघाली तरी दोन पायऱ्या खाली उतरावे.

परंतु ज्याला छंद करायचा नाही, नुसते जुने यंत्र बरे चालायला हवे आहे, त्याने काय करावे? त्याने आधी हे पाहावे की त्याचे यंत्र थांबते कोठे. जुनी फिरती हार्ड डिस्क एखादा मजकूर शोधून आणण्यास सुमारे बारा मिलिसेकंद घेते. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे त्या वेळात ३ कोटी ६० लाख ठोके होतात, आणि ते सारे वाट पाहण्यात जातात. तुम्ही ठोका पंचवीस टक्क्यांनी वाढवलात तर वाट पाहतानाचे ठोके तेवढे वाढतील, वाट काही कमी होणार नाही! त्याऐवजी फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर हीच वाट मिलिसेकंदाच्या दशांशाच्या आसपास येते. कोअर २ ड्युओच्या काळातील किंवा त्यानंतरच्या यंत्राला स्मृती थोडी वाढवून आणि एसएसडी घालून जो फरक पडतो, तो कोणत्याही ओव्हरक्लॉकिंगने पडत नाही. त्यावर लिनक्सची एखादी हलकी मोफत प्रणाली बसवली तर देखभालीचा प्रश्नही सुटतो. सी-डॅकनेही बॉस नावाची अशी प्रणाली काढलेली आहे. ज्यांची मराठी छपाईची जुनी सॉफ्टवेअरे विंडोजवरच चालतात त्यांनी ते यंत्र इंटरनेटला न जोडता केवळ छपाईपुरते ठेवावे.

आणि आपल्या हवेसाठी एक उलटा उपाय आम्ही आवर्जून सुचवू. ठोका आहे तेवढाच ठेवून विजेचा दाब थोडा कमी करून पाहावा. मघाच्या प्रोसेसरला १.२५ ऐवजी १.१५ व्होल्ट पुरले, तर वर्गाच्या नियमाने उष्णता पंधरा टक्क्यांनी उतरते आणि वेग यत्किंचितही कमी होत नाही. चिठ्ठीपेक्षा सरस माल हाती आला असेल तर त्याचा हा लाभ घेता येतो. चाचण्या मात्र येथेही तितक्याच कसून घ्याव्यात. दाब फार उतरवला तरी उत्तरे चुकू लागतात.

अर्थात प्रत्येक जुने यंत्र वाचवावेच असा आमचा आग्रह नाही. पेंटियम ४ आणि पेंटियम डी यांची वीज आणि उष्णता पाहता त्यांना निवृत्त करणेच शहाणपणाचे. पण ते यंत्र वायफळ आहे हे त्याच्यावर छापलेल्या आकड्यावरून नव्हे, आपल्या कामाची वेळ मोजून आणि विजेचा हिशेब करून ठरवावे. वर सांगितलेल्या तिघा सल्लागारांपैकी विक्रेता, हिशेबी गृहस्थ आणि कॉलेजातला मुलगा यांचे प्रत्येकाचे थोडे थोडे खरे आहे; कोणाचे किती, ते घड्याळ आणि तापमापक यांना विचारावे. शाळेच्या कपाटात पडून असलेला एखादा कोअर २ ड्युओ धूळ झाडून, एसएसडी घालून पुन्हा चालू झाला, तर वर्गातल्या आणखी एका मुलाच्या वाट्याला स्वतंत्र यंत्र येईल. आपल्यासारख्या जिल्ह्यात ही गोष्ट लहान नाही.